विमान आपोआप उडत नाही!

‘हल्ली विमान आपोआप उडते, वैमानिक नुसता बसलेला असतो,’ असे सांगणारा एक तरी गृहस्थ दिवाळीच्या फराळाला प्रत्येक घरी हजर असतोच. चकली मोडता मोडता तो हे अशा थाटात सांगतो, की जणू आताच कॉकपिटातून उतरून आला आहे. त्याच्याजवळ पुराव्यादाखल एक भाचा असतो, आणि तो भाचा कोठल्या तरी संगणकाच्या कंपनीत असतो. मंडळी माना डोलावतात. कोणाची सून दुपारच्या विमानाने बंगलोरहून यायची असते, कोणाचा मुलगा शिकागोहून निघालेला असतो. त्यांना हे ऐकून जरा बरेच वाटते. माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही, तेव्हा आपले माणूस यंत्राच्या हाती आहे हे उत्तमच!

हे वाक्य फराळाच्या ताटापुरते राहिले असते, तर मी त्याच्या वाटेस गेलो नसतो. सणासुदीला कोणाच्या तोंडची चकली काढून घेणे बरे नव्हे. परंतु हेच वाक्य फराळावरून उठून विमानकंपन्यांच्या हिशेबनिसांच्या खोलीत गेले, विमाने बनवणाऱ्यांच्या दुकानात गेले, आणि तेथे त्याचा अर्थ असा झाला, की विमान जर आपोआप उडते, तर ते उडवायला शिकवण्यावर एवढा पैसा कशाला घालवायचा? ह्या प्रश्नाने आजवर शेकडो माणसे मारली आहेत. म्हणून त्याच्याशी भांडायचे.

प्रथम हा ‘आपोआप’ म्हणजे काय, ते पाहू. ऑटोपायलट हा कॉकपिटात बसलेला तिसरा वैमानिक नव्हे. तो हुकमाचा ताबेदार आहे. इतक्या उंचीवर जा, इतका वेग ठेव, अमुक दिशेला वळ, असे त्याला बटणे फिरवून सांगावे लागते, आणि तो मुकाट्याने ते करतो. पण एकच हुकूम पाळण्याच्या त्याच्या तऱ्हा अनेक. खाली उतर म्हटले, तर एका तऱ्हेत तो इंजिने अगदी मंद करतो आणि विमानाचे नाक वरखाली करून वेग सांभाळतो. दुसऱ्या तऱ्हेत तो ठरीव गतीने उतरतो आणि वेगासाठी इंजिनांचा जोर कमीजास्त करतो. ह्या तऱ्हांना वैमानिक ‘मोड’ म्हणतात. कोणता मोड चालू आहे, हे समोरच्या पडद्यावर चार-दोन अक्षरांत लिहिलेले असते. अक्षरे बारीक असतात. अर्थ मात्र जीवनमरणाचा असतो.

किती जीवनमरणाचा, ते मुंबईकरांना तरी मी सांगायला नको होते. पण आपण विसरलो आहोत, म्हणून सांगतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे विमान मुंबईहून बंगलोरला निघाले. विमान एअरबस ए-३२०, त्या काळी जगातले सर्वांत आधुनिक, आणि कंपनीच्या ताब्यात येऊन त्याला जेमतेम दोन महिने झालेले. आत १४६ माणसे. डावीकडच्या आसनावर बसलेले गृहस्थ कॅप्टनच होते, पण ह्या नव्या विमानावरच्या कॅप्टनकीसाठी त्यांची तपासणी चालू होती. उजवीकडे तपासणी करणारे दुसरे कॅप्टन. म्हणजे कॉकपिटात नवशिका पोरगा कोणी नव्हता. दुपारचा एक वाजलेला, आकाश मोकळे, धावपट्टी डोळ्यांसमोर स्वच्छ दिसते आहे. वादळ नाही, धुके नाही, इंजिनात बिघाड नाही. असा दिवस वैमानिकाने देवाकडे मागून घ्यावा.

आणि त्या दिवशी ते विमान धावपट्टीच्या अलीकडे पडले. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात यंत्र इंजिने मंद करणाऱ्या मोडमध्ये होते. तो मोड चालू आहे हे कॉकपिटात लक्षात आले नव्हते असेही नाही; लक्षात आले होते, त्यावर बोलणेही झाले होते. एका बाजूचा ‘फ्लाइट डायरेक्टर’ बंद करण्यात आला. दुसऱ्या बाजूचा चालू राहिला. आणि त्या यंत्राची रचना अशी, की दोन्ही बंद केल्याशिवाय इंजिने वेग सांभाळायच्या कामाला लागत नाहीत! वेग १३२ नॉट हवा होता, तो उतरत उतरत १०६ वर आला. शेवटी यंत्राने आपण होऊन इंजिनांना जोर दिला, वैमानिकांनीही थ्रॉटल पुढे लोटले. पण मंद पडलेल्या जेट इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात, आणि ते सेकंद आता उरलेले नव्हते. विमान विमानतळालगतच्या गोल्फच्या मैदानावर टेकले, उसळले, बांधावर आदळले आणि पेटले. ९२ माणसे गेली.

न्यायमूर्ती शिवशंकर भट ह्यांच्यापुढे चौकशी झाली. इंजिने मंद मोडमध्ये आहेत हे ठाऊक असूनही वैमानिकांनी वेळीच थ्रॉटल पुढे सारले नाहीत, ह्यावर चौकशीने बोट ठेवले. हा निष्कर्ष खोटा आहे असे मी म्हणत नाही. थ्रॉटल पुढे सारायला हवेच होते. ते हातापासून वीतभर अंतरावर होते. मी एवढेच विचारतो, की दोन जाणती माणसे, स्वच्छ उन्हात, डोळ्यांसमोर धावपट्टी दिसत असता, वीतभर अंतरावरच्या दांड्याला हात घालीत नाहीत, हे कसे होते? हजारो तास विमान उडवलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप पुढे जायला हवा. खरे ‘आपोआप’ ते! तो हात जागच्या जागी का राहिला? ह्याचे उत्तर त्या दोघांच्या स्वभावात शोधून मिळणार नाही. ह्या यंत्रावर हाताने काही करायचे नसते, यंत्र सांभाळून घेते, हे त्या हातांना कोणी तरी शिकवले होते. पण त्या अपघातानंतर इंडियन एअरलाइन्सची ए-३२० विमाने काही महिने जमिनीवर उभी राहिली, वर्तमानपत्रांतून विमाने कोणी आणि का विकत घेतली ह्याचा धुरळा उडाला, आणि मग सगळे शांत झाले. लोकांच्या ध्यानात दोनच शब्द उरले: वैमानिकाची चूक.

आता तेवीस वर्षे पुढे या. ६ जुलै २०१३. सोलहून निघालेले एशियाना कंपनीचे बोइंग ७७७ विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरत आहे. तेथेही दिवस लख्ख, धावपट्टी समोर. तेथेही डावीकडचे कॅप्टन अनुभवी, पण ह्या विमानाला नवे. उजवीकडे त्यांना शिकवणारे कॅप्टन. उतरण्याचा उतार दाखवणारा जमिनीवरचा रेडिओ-संकेत काही कामामुळे बंद होता, म्हणून नुसत्या नजरेने विमान उतरवायचे होते. ह्याचा आपल्याला फार ताण वाटत होता, असे त्या कॅप्टनांनी पुढे चौकशीत सांगितले. वाचकहो, ह्यावर क्षणभर थांबा. हजारो तास उडवलेल्या वैमानिकाला स्वच्छ दिवशी, डोळ्यांना दिसणाऱ्या धावपट्टीवर विमान उतरवण्याचा ताण वाटतो! आचाऱ्याने भाताची धास्ती घ्यावी, तसेच हे झाले. पण हसू नका. त्या कंपनीचे धोरणच असे होते, की होता होईल तो सगळे यंत्राकडून करवून घ्यावे.

तेथेही इंजिनांचे यंत्र एका भलत्या मोडमध्ये गेले. त्याचे नाव ‘होल्ड’. त्या मोडमध्ये ते वेग राखीत नाही. ते वेग राखील ह्या भरवशावर विमान खाली येत राहिले. १३७ नॉट हवे होते, ते १०३ वर आले. विमानाचे शेपूट समुद्रकाठच्या बांधावर आपटून तुटले. दैव बलवत्तर, म्हणून ३०७ पैकी तीनच जीव गेले. त्या तिघी शाळकरी मुली होत्या. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकांना दोष दिलाच, पण त्याबरोबर हेही सांगितले, की ह्या यंत्राची गुंतागुंत कागदपत्रांत आणि शिक्षणात नीट समजावून दिलेली नाही, आणि वैमानिकांना हाताने विमान उडवण्याची संधी अधिक मिळाली पाहिजे.

बंगलोर आणि सॅन फ्रान्सिस्को शेजारी शेजारी ठेवून पाहा. विमाने दोन वेगळ्या कारखान्यांची, देश वेगळे, वैमानिकांच्या भाषा वेगळ्या, अपघात एकच. तेवीस वर्षांत काय शिकलो आपण? काहीच नाही, कारण बंगलोरच्या फाइलीवर ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारला, की ती फाइल मिटते. चूक मेलेल्या माणसाची, तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. राहिलेल्यांनी सुखाने उडावे! त्याचे धोरण आखणाऱ्याला कोणी बोलावून विचारीत नाही. मेलेल्याची बायको आणि मुले मात्र तो शिक्का जन्मभर वागवतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण विमानांच्या आधीची आहे, पण विमानखात्यात तिला चांगली नोकरी लागली आहे.

हे सगळे कोणाला आधी कळले नव्हते, असेही नाही. लिझान बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच, म्हणजे बंगलोरच्या सात वर्षे आधी, एक छोटासा निबंध लिहून ठेवला आहे. त्यांचे म्हणणे कोणत्याही शहाण्या सासूला पटेल असे आहे. यंत्र करणारा सोपी कामे यंत्राकडे देतो, आणि जी त्याला यंत्राकडून करवून घेता आली नाहीत ती, म्हणजे नेमकी अवघड, माणसाकडे ठेवतो. वर रोजच्या सोप्या कामाचा सराव माणसाकडून काढून घेतो. मग एके दिवशी यंत्र अडते, आणि ज्याचा हात सुटला आहे अशा माणसाला, ध्यानीमनी नसताना, सगळ्यांत कठीण काम करायला सांगते. कोकणात मुलांना विहिरीत पोहायला शिकवताना कमरेला सुका भोपळा बांधतात. पण कोणीही शहाणा बाप तो भोपळा दहा वर्षे तसाच ठेवून, मग भर पावसात नदीच्या मध्यावर सोडून घेत नाही.

अटलांटिक महासागरावर मात्र तो तसाच सोडला गेला. १ जून २००९ ची रात्र. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे एअरबस ए-३३० हे विमान ३५ हजार फुटांवर होते. आत २२८ माणसे. मुख्य कॅप्टन रिवाजाप्रमाणे विश्रांतीला गेले होते. आसनांवर दोन सहवैमानिक. वेग मोजण्यासाठी विमानाच्या अंगावर बारीक नळ्या असतात, त्यांना पिटो नळ्या म्हणतात. त्यांत बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात. ऑटोपायलटने हात वर केले आणि विमान वैमानिकांच्या ओंजळीत टाकून तो बाजूला झाला.

नळ्या एका मिनिटाच्या आत मोकळ्या झाल्या. विमान होते तसे सरळ धरून ठेवले असते, तर मागे झोपलेल्या प्रवाशांना काही घडल्याचे कळलेही नसते. पण उजवीकडच्या सहवैमानिकाने दांडी मागे ओढली, विमान चढू लागले, चढत चढत ३८ हजार फुटांच्या जवळ गेले आणि त्याचा वेग सरला. पंखावरून वाहणारी हवा अशा वेळी पंखाला धरून राहत नाही. विमान मग उडत नाही, नुसते पडते. ह्याला ‘स्टॉल’ म्हणतात. त्यावरचा इलाज विमानविद्येच्या पहिल्या इयत्तेतला आहे: नाक खाली करा, वेग येऊ द्या. यंत्र ‘स्टॉल, स्टॉल’ म्हणून ओरडत होते. पण त्या यंत्राला अशी खोड, की वेग फारच कमी भरला तर तो आकडाच खोटा समजून ते गप्प बसावे. त्यामुळे नाक खाली करावे, तर वेग थोडा वाढून ओरड पुन्हा सुरू होई. दांडी मागे ओढावी, तर शांतता! बरोबर केले की घंटा आणि चुकले की शांतता, असा मास्तर कोणाला भेटला, तर त्या विद्यार्थ्याचे काय होईल? शिवाय एअरबसच्या दोन दांड्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. उजवा हात काय करतो आहे ते डाव्या बाजूच्या माणसाच्या हाताला कळत नाही. कॅप्टन धावत आले, तोवर विमान पडू लागले होते. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत सगळे मिळून ४ मिनिटे २३ सेकंद लागले. बातमी वाचून संपत नाही तोवर २२८ माणसे संपली.

त्या विमानाच्या नोंदीच्या पेट्या सुमारे ३,९०० मीटर खोल पाण्यातून २०११ साली वर काढल्या, आणि जुलै २०१२ मध्ये फ्रान्सच्या चौकशी-संस्थेचा शेवटचा अहवाल आला. त्यात एक गोष्ट आहे, ती मी त्या चकलीवाल्या गृहस्थांना चौकटीत घालून द्यावी म्हणतो. वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले असता, उंचावर, हाताने विमान कसे सांभाळावे, ह्याचे शिक्षण त्या दोघा सहवैमानिकांना कधी मिळालेच नव्हते. स्टॉलचा सराव होता, तो जमिनीजवळच्या उंचीवरचा. आणि रोजच्या कामात तरी ते कोठून शिकणार? २९ हजार फुटांच्या वर विमानांमधले उभे अंतर निम्मे केल्यापासून तेथे उंची यंत्रानेच धरावी, असा दंडक आहे. म्हणजे नियमाने जेथे हात लावायची बंदी, तेथेच, काळ्या रात्री, वादळाच्या ढगांत, पहिला हात लावायची वेळ आली! हा नियम वाईट आहे असे नव्हे. पण नियम करणाऱ्याला त्याच दिवशी सुचायला हवे होते, की आता हा सराव दुसऱ्या कोठे तरी द्यावा लागेल. सिम्युलेटर नावाचे खोटे कॉकपिट ह्याचसाठी असते.

कोणी म्हणेल, तुम्ही जुन्या काळाचे भाट आहात. यंत्रे आल्यापासून अपघात किती कमी झाले, ते पाहा. पाहिले आहे. ते खरे आहे, आणि ते मी मोठ्याने सांगतो. हाताने विमान उडवण्याचे दिवस म्हणजे सत्ययुग नव्हे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. कॅप्टनांसमोरचे क्षितिज दाखवणारे उपकरण बिघडले होते, बाहेर काळोख होता, आणि विमान माणसाच्या हातात होते. डोंगर जवळ आला की ओरडून सांगणारे, धुक्यात धावपट्टीचा माग दाखवणारे यंत्र आपल्या बाजूचे आहे, ह्यात शंका नाही. मला यंत्र मोडायचे नाही. यंत्राच्या नावावर शिक्षणाचे पैसे वाचवणाऱ्याचा हात धरायचा आहे. ह्या दोन गोष्टींची जो गल्लत करतो, तो एक तर भोळा आहे, नाही तर कोणाचा तरी वकील आहे.

आणि पैसे वाचवण्याची गोष्ट मी हवेत बोलत नाही. बोइंगने ७३७ मॅक्स नावाचे विमान बाजारात आणले, तेव्हा त्याचे एक मोठे आकर्षण असे सांगितले, की जुने ७३७ उडवणाऱ्याला सिम्युलेटरमध्ये नवे शिक्षण नको; पडद्यावरचा थोडा पाठ वाचला की झाले. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीला तर असा शब्द दिला होता, की सिम्युलेटरचे शिक्षण लागलेच, तर दर विमानामागे दहा लाख डॉलर परत देऊ. अमेरिकन काँग्रेसच्या समितीच्या सप्टेंबर २०२० च्या अहवालात हे नमूद आहे. शिक्षण न देण्याचा असा भाव ठरलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही! त्या विमानात एमकॅस नावाची एक यंत्रणा होती. तिला पंखांच्या रोखाचा एकच संवेदक खबर देई, आणि ती खबर खरी मानून यंत्रणा विमानाचे नाक खाली दाबी. ही यंत्रणा विमानात आहे, हे वैमानिकांच्या पुस्तकात लिहिलेलेच नव्हते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जकार्ताहून निघालेल्या लायन एअरच्या विमानात संवेदकाने खोटी खबर दिली. यंत्र नाक खाली दाबी, वैमानिक वर उचली. यंत्र पुन्हा दाबी. वीसहून अधिक वेळा ही झोंबाझोंबी झाली. आपण कोणाशी झुंजत आहोत, हे त्या कॅप्टनांना माहीत नव्हते. ते आपल्या भारतातले होते. १८९ माणसे गेली. पाच महिन्यांच्या आत, १० मार्च २०१९ रोजी, अदिस अबाबाहून निघालेले इथिओपियन एअरलाइन्सचे तसेच विमान तसेच पडले, १५७ गेली. लायन एअरच्या लोकांनी २०१७ मध्ये सिम्युलेटरच्या शिक्षणाची चौकशी केली होती, तेव्हा बोइंगमधल्या माणसांनी आपापसांतल्या निरोपांत त्यांची टर उडवली होती. ते निरोप पुढे उघडकीस आले. पहिल्या अपघातानंतर ‘परदेशी वैमानिकांना नीट येत नाही’ असे सांगणारे शहाणे अमेरिकेत पुष्कळ निघाले. जानेवारी २०२० मध्ये बोइंगने स्वतःच सांगितले, की सिम्युलेटरचे शिक्षण द्यावे. ३४६ माणसे गेल्यावर!

आपल्या घरात येऊ. गोंदियाला, बारामतीला, धुळ्याला आपली मराठी मुले-मुली विमान शिकतात. लहानशा एका इंजिनाच्या विमानात २०० तास झाले, की व्यावसायिक परवान्याची अट पुरी होते. ह्याला पन्नास लाखांच्या वर खर्च येतो, आणि तो बहुधा बापाच्या जमिनीवर काढलेला असतो. मग मोठ्या विमानाचे शिक्षण सिम्युलेटरमध्ये. त्या २०० तासांत मुलाचा हात खरोखर चांगला तयार झालेला असतो. वाऱ्याचा धक्का, इंजिनाचा आवाज, जमीन अंगावर येण्याची ती चाल, हे त्याला बसल्या जागी कळते. आणि नोकरी लागली, की तो हात मांडीवर ठेवायला शिकवतात. बहुतेक उड्डाणांत हाताने विमान चालवणे काही मिनिटांचे असते. थोडे उडताना, थोडे उतरताना. प्रत्येक उड्डाणाचा प्रत्येक आकडा यंत्रात नोंदला जातो. हाताने उडवताना तो जरा इकडचा तिकडे झाला, तर विचारणा होईल, यंत्राने उडवले तर कोणी विचारणार नाही. असे असता कोणता शहाणा तरुण हात लावील? गवयाने बैठकीत चूक होऊ नये म्हणून रियाजच बंद करावा, तशी ही तऱ्हा!

सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये तपासणी होते, ती आहेच की, असे कोणी सांगेल. पण तपासणी ही परीक्षा, शिक्षण नव्हे. आणि परीक्षा कशी होते हे ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करून मॅट्रिक झालेल्या महाराष्ट्राला मी काय सांगू? उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडेल, हे परीक्षार्थीला आधीच ठाऊक असते. पाय तयार ठेवूनच तो आत शिरतो. खऱ्या आकाशात प्रश्नपत्रिका फुटत नाही.

हात तयार असला म्हणजे काय होते, त्याचेही दाखले आहेत. २३ जुलै १९८३ रोजी किलो आणि पौंडांच्या घोळामुळे एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चे इंधन भर आकाशात संपले. कॅप्टनांनी ते अगडबंब विमान घारीसारखे तरंगत गिमली येथील जुन्या तळावर आणून ठेवले. १५ जानेवारी २००९ रोजी पक्ष्यांच्या थव्याने दोन्ही इंजिने गेलेले ए-३२० विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरले. १५५ च्या १५५ माणसे वाचली. ते विमान बंगलोरच्या विमानाचेच भावंड होते, आणि शेवटपर्यंत त्याच्या यंत्राने वैमानिकांना साथ दिली. ह्या दोन्ही कॅप्टनांना इंजिनाशिवायचे ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांच्या कंपनीने तो त्यांना दिलेला नव्हता. तो त्यांनी कंपनीबाहेर मिळवला होता. आपण आपली सून आणि आपला मुलगा वैमानिकाने बाहेरून आणलेल्या अनुभवाच्या भरवशावर सोडायचा काय?

अमेरिकेच्या विमान खात्याने जानेवारी २०१३ मध्ये कंपन्यांना सांगितले, की योग्य वेळी वैमानिकांना हाताने उडवायला उत्तेजन द्या. सांगितले, बजावले नाही. आपल्याकडे ते बजावले पाहिजे. हवा स्वच्छ असेल, गर्दी नसेल, तेव्हा महिन्यातून इतक्या वेळा विमान हाताने चढवावे आणि हाताने उतरवावे, असा लेखी नियम हवा, आणि त्या दिवशीचा आकडा थोडा हलला तर विचारणा होणार नाही, हेही लेखी हवे. सिम्युलेटरमध्ये परीक्षेचे नसलेले तास हवेत, की जेथे काय बिघडणार हे आधी सांगितलेले नसेल, जेथे ३५ हजार फुटांवर ऑटोपायलट सुटेल, आणि जेथे चुकले तर मास्तर नापास न करता पुन्हा करायला लावील. बंगलोरचा तो शेवटचा मिनिट प्रत्येक भारतीय वैमानिकाने सिम्युलेटरमध्ये एकदा तरी स्वतः जगून पाहिला पाहिजे. हे तास पगारी असावेत. वैमानिकाच्या विश्रांतीतून कापलेले किंवा त्याच्या खिशातून भरलेले नसावेत. ह्याने तिकीट थोडे वाढेल. वाढू दे. तिकीट शंभर रुपयांनी स्वस्त मिळाले म्हणून नातेवाइकांत मिरवणारे आपणही ह्या हिशेबात थोडे आहोत.

आणि पुढच्या खेपेला तो गृहस्थ चकली मोडू लागला, की त्याला भाच्याविषयी काही विचारू नका. आपल्या कंपनीचे वैमानिक गेल्या महिन्यात किती वेळा हाताने उतरले, हे कोणत्या खात्याला पत्र लिहून विचारावे, एवढे विचारा. आणि पत्ता मिळाला, तर फराळ आटोपल्यावर ते पत्र खरोखर लिहा.